सागरी अभियांत्रिकी आणि नौकास्थापत्य : पहिले पाऊल टाकताना

(विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे एका निवृत्त चीफ इंजिनिअरने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



भारताच्या किनारपट्टीची लांबी ७,५१६ किलोमीटर आहे, हे वाक्य आपण सर्वांनी भूगोलाच्या पुस्तकातून पाठ केले आहे. आपल्यापैकी जे स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत, त्यांनी आता त्यात दुरुस्ती करून घ्यावी. अधिक बारकाईने झालेल्या नव्या मोजणीनुसार ही लांबी ११,०९८ किलोमीटर भरली आहे. किनारा अर्थातच वाढलेला नाही. खाड्या, वळणे आणि मुखे यांच्या आत जाऊन मोजणारी मोजपट्टी अधिक बारीक झाली, इतकेच. मी हे मुद्दाम आरंभी सांगतो आहे, कारण समुद्राशी असलेले आपले नाते बहुधा असे आकड्यांपुरतेच असते. देशाच्या परदेश व्यापारापैकी आकारमानाने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याने सुमारे ७० टक्के व्यापार समुद्रमार्गे होतो. परंतु तो वाहून नेणारी बहुतेक जहाजे परदेशी ध्वजाची असतात आणि ती बांधली जातात प्रामुख्याने चीन, दक्षिण कोरिया व जपान या तीन देशांत. जगातील जहाजबांधणीत आपला वाटा एक टक्काही नाही. याउलट जहाजे चालविणारी माणसे पुरविण्यात भारत जगातील पहिल्या पाच देशांत गणला जातो. म्हणजे, जहाज दुसऱ्याचे आणि ते चालते ठेवणारे हात आपले, अशी आजची स्थिती आहे. आपण ज्या दोन व्यवसायांविषयी आज बोलणार आहोत, ते या वाक्याच्या दोन टोकांना उभे आहेत.

अनेक पालक सागरी अभियांत्रिकी आणि नौकास्थापत्य या दोन्ही गोष्टी एकच समजतात. तसे नाही. नौकास्थापत्यज्ञ जहाजाचा आकार ठरवतो, त्याचे तरंगणे, त्याचा तोल, त्याची ताकद यांचे गणित करतो आणि त्याचे आयुष्य बहुतांशी जमिनीवर, आराखड्यांच्या कार्यालयात किंवा गोदीत जाते. सागरी अभियंता त्या जहाजाच्या पोटात राहून त्याचे इंजिन, वीज, पंप, बॉयलर, शीतकरण हे सारे चालते ठेवतो. एकाला घरी रोज जेवायला येता येते, दुसऱ्याला येत नाही. हा फरक हसण्यावारी नेऊ नका. माझ्या मते व्यवसाय निवडताना पगाराच्या आधी याचाच विचार झाला पाहिजे.

या दोन्ही विद्या एकाच माणसात नांदल्याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. वाडिया घराण्याने १७३६ च्या सुमारास मुंबईच्या गोदीत जहाजे बांधावयास प्रारंभ केला. त्यांच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी हे जहाजबांधणी शिकले आणि पुढे वाफेच्या इंजिनाच्या मागे लागले. मुंबईतील सरकारी वाफयंत्रांच्या कारखान्याचे ते मुख्य अभियंता झाले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय होत. रॉयल सोसायटीतील पहिला भारतीय एक सागरी अभियंता होता, ही गोष्ट आपल्या परीक्षांच्या पुस्तकांत फारशी आढळत नाही.

आता इंजिनघराकडे वळू. मोठ्या मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिन तीन-चार मजली इमारतीएवढे उंच असते. ते दोन-स्ट्रोकचे डिझेल इंजिन असून मिनिटाला साधारण ऐंशी-शंभर फेरे एवढ्या संथ गतीने फिरते आणि मधे गिअर न घालता थेट पंखा फिरवते. इंधनातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा ते कामात आणते. उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनांत ही फार मोठी कार्यक्षमता आहे. त्यात जाळले जाणारे जड तेल इतके घट्ट असते की, ते इंजिनात जाण्यापूर्वी १३० अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते, त्यातील पाणी आणि गाळ वेगळा काढावा लागतो. तिथले तापमान उष्ण कटिबंधात ४५ अंशांपर्यंत जाते. कानांवर संरक्षक असल्याशिवाय उभे राहता येत नाही, त्यामुळे बरेचसे बोलणे हातवाऱ्यांनी चालते.

अधिकाऱ्यांची उतरंडही जाणून घ्या. सर्वांत वर चीफ इंजिनिअर. भारतीय जहाजांवर खलाशी त्यांना ‘बडासाब’ म्हणतात. त्यांच्याखाली सेकंड इंजिनिअर, जो रोजचे सारे काम वाटून देतो आणि मुख्य इंजिन ज्याच्या अंगावर असते. मग तिसरा आणि चौथा, म्हणजे ‘तीनसाब’ आणि ‘चारसाब’. तीनसाबकडे बहुधा जनरेटर आणि बॉयलर, चारसाबकडे तेलशुद्धीकरणाची यंत्रे, कॉम्प्रेसर, पंप. आणि सर्वांत खाली शिकाऊ ‘पाचसाब’, ज्याच्याकडे हातात चिंधी आणि उरलेले सर्व काही. अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात इंजिनाखालचा तेलकट गाळ उपसावा लागतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मी वर्षानुवर्षे पाहिले. माझ्याही चेहऱ्यावर ते आले असणार. पण नळ कुठून कुठे जातो, हे त्या गाळात गुडघ्यावर बसूनच कळते.

मी पाचसाब असतानाची एक गोष्ट सांगतो. जहाजाच्या तळाशी समतोलाच्या पाण्याच्या टाक्या असतात. त्यांना बॅलास्ट टाक्या म्हणतात. अशी एक टाकी रिकामी करून तिचे झाकण नुकतेच उघडले होते आणि आतल्या एका वाहिनीची पाहणी करावयाची होती. मी उत्साहाने टॉर्च घेऊन शिडीवर एक पाय ठेवला. वासही नव्हता, धूरही नव्हता. तेवढ्यात सेकंड इंजिनिअरनी मागून माझी कॉलर धरून मला वर ओढले. ते रत्नागिरीकडचे होते आणि त्यांच्या तोंडून निघालेले मालवाहू शब्द मी इथे उच्चारू शकत नाही. नंतर त्यांनी ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र नळीने आत सोडले. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. त्या टाकीत तो त्याच्या निम्म्याहून कमी होता. कारण शाळेच्या रसायनशास्त्रातलेच होते. लोखंड गंजते तेव्हा ते ऑक्सिजन घेते. महिनोन्महिने बंद असलेल्या पोलादी टाकीच्या भिंती गंजत राहतात आणि आतला ऑक्सिजन खाऊन टाकतात. मी आत उतरलो असतो तर दोन-चार श्वासांत, काही कळण्यापूर्वी, कोसळलो असतो. आणि मला वाचविण्यासाठी मागोमाग जो उतरला असता, तोही. बंद जागेतील बहुतेक अपघातांत दुसरा बळी हा पहिल्याला वाचवायला गेलेलाच असतो. आज याविषयी कडक नियम आहेत, लेखी परवाना लागतो; तरीही दरवर्षी जगात कुठे ना कुठे माणसे अशीच जातात. ‘गंजणे म्हणजे ऑक्सिडीकरण’ हे वाक्य मी बारावीत दोन गुणांसाठी लिहिले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

लहानशा गोष्टीचे मोल किती, याचे दुसरे उदाहरण आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या सुमारे ३०० मीटर लांबीच्या जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळून त्यावर काम करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. जहाजावरील कर्मचारी बहुतांशी भारतीय होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२५ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. हजारो वायरींपैकी एका वायरवरील नावपट्टी जरा पुढे सरकलेली होती. त्यामुळे ती वायर तिच्या खाचेत पूर्ण बसलेली नव्हती. ती सैल झाली, एक ब्रेकर उघडला आणि जहाज अंधारात गेले. सागरी अभियंत्याचे काम ते हेच, असे मी म्हणतो तेव्हा मुलांना ते रुक्ष वाटते.

या व्यवसायात प्रवेश कसा होतो? मुंबईत १९२७ मध्ये ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले आणि १९४९ पासून कोलकाता व मुंबई येथे सागरी अभियांत्रिकीचे स्वतंत्र प्रशिक्षण संचालनालय उभे राहिले. २००८ मध्ये संसदेच्या कायद्याने भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन होऊन या जुन्या संस्था त्यात विलीन झाल्या. विद्यापीठाचे मुख्यालय चेन्नईत असून मुंबई बंदर, नवी मुंबई, कोलकाता, विशाखापट्टणम व कोची येथे त्याची संकुले आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांत सरासरी ६० टक्के आणि दहावी वा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के गुण असलेल्यांना विद्यापीठाची सामायिक प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांच्या बी. टेक. अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. वयाची आणि सवलतींची माहिती त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. यंत्र अभियांत्रिकीची पदवी आधीच घेतलेल्यांसाठी वर्षभराच्या आतबाहेरचा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि विद्युत शाखेच्या पदवीधरांना जहाजावरील इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकारी होता येते.

पदवी हाती आली की काम संपले, असे मात्र नाही. खरे तर तिथून सुरू होते. सहा महिने शिकाऊ म्हणून प्रत्यक्ष समुद्रावर काढावे लागतात. त्यानंतर सरकारची चौथ्या वर्गाची सक्षमता परीक्षा, लेखी आणि तोंडी. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय चौथा अभियंता होता येत नाही. पुढे दुसरा वर्ग आणि पहिला वर्ग, प्रत्येक वेळी आधी समुद्रावरची ठरावीक सेवा आणि मग परीक्षा. आजच्या युवकांना परीक्षांचा कंटाळा असेल तर त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे आणि काहीसे कडू बोलतो. वर सांगितलेले सहा महिने हीच या वाटेवरची अरुंद खिंड आहे. पदवी देणाऱ्या संस्था पुष्कळ झाल्या, शिकाऊ उमेदवारांसाठी जहाजावर खोल्या मात्र मोजक्याच. दरवर्षी पदवी घेऊनही जहाज न मिळालेली मुले गोदीच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहतात. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने आंब्याची कलमे असलेली जमीन गहाण ठेवून मुलाला एका खासगी संस्थेत शिकविले. पुढे जहाज मिळेना, तेव्हा एका दलालाने काही लाख रुपये घेऊन त्याला परदेशातील बंदरात पाठविले. तिथे जे जहाज होते ते गंजलेले, मालकाने जवळजवळ सोडून दिलेले. पाच महिने पगार नाही, अन्न अपुरे, आणि त्या सेवेची नोंद परीक्षेसाठी ग्राह्य धरली गेली नाही. मुलगा सुखरूप परतला, जमीन परतली नाही.

म्हणून दोन गोष्टी वहीत लिहून घ्या. पहिली, प्रवेश घेण्यापूर्वीच प्रायोजकत्व मिळविण्याचा प्रयत्न करा. चांगल्या जहाज कंपन्या प्रवेश परीक्षेतील गुणानुक्रम पाहून आपली चाचणी व मुलाखत घेतात आणि प्रायोजकत्वाचे पत्र देतात. असे पत्र असलेल्या मुलाला शिकाऊ म्हणून जहाज मिळण्याची चिंता सहसा राहत नाही. दुसरी, जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना आहे की नाही हे त्यांच्या अधिकृत यादीत तपासा. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम संहिता, २००६ भारताने २०१५ मध्ये स्वीकारली आहे. तिच्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. जो पैसे मागतो तो नियम मोडतो आहे, मग त्याचे कार्यालय कितीही वातानुकूलित असो. याच संहितेने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हा आपला हक्क ठरविला आहे. बंदरात माल चढ-उताराच्या धांदलीत तो नेहमी पाळला जातो, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मुलींविषयी मला हटकून विचारले जाते. सोनाली बॅनर्जी या भारताच्या पहिल्या महिला सागरी अभियंता २००१ मध्ये कोलकात्याच्या संस्थेतून बाहेर पडल्या. त्या वेळी त्या वसतिगृहाच्या वास्तूत त्यांना कुठे ठेवावे, येथपासून प्रश्न होता. आज तो प्रश्न उरलेला नाही. जहाजावर इंजिनघरात स्त्रिया अजूनही थोड्याच दिसतात, परंतु ज्या दिसल्या त्यांच्या हाताखाली काम करायला मला कधी कमीपणा वाटला नाही.

नौकास्थापत्याकडे मी थोडा उशिरा वळतो आहे. पण बुद्धीला आव्हान म्हणाल तर ते तिथे कणभर अधिकच. स्वीडनच्या राजाने ‘वासा’ नावाची ६४ तोफांची युद्धनौका बांधविली. १० ऑगस्ट १६२८ रोजी ती स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्या सफरीस निघाली आणि सव्वा-दीड किलोमीटरही न जाता वाऱ्याच्या एका झुळुकीने कलंडून बुडाली. त्यापूर्वी तिची चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावावयास सांगितले होते. तिसऱ्या धावेलाच जहाज इतके हेलकावू लागले की चाचणी थांबविण्यात आली. तरीही जहाज निघाले, कारण राजाला घाई होती. वरचा भार अधिक, गुरुत्वमध्य उंच, एवढाच तिचा दोष. हा तोल गणिताने आधी कसा सांगावा, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे यांनी १७४६ मध्ये मेटासेंटरची कल्पना मांडली, तेव्हा ते साधले. कललेल्या जहाजाला वर उचलणारे पाण्याचे बल मध्यरेषेला जिथे छेदते तो हा बिंदू. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर जहाज पुन्हा सरळ होते, वर असेल तर उलटते.

हे घरी करून पाहण्याजोगे आहे. एका परातीत पाणी भरून ती दोन्ही हातांनी उचला आणि चालू लागा. परात किंचित कलली की सारे पाणी त्याच बाजूला धावते आणि ती अधिकच कलते. पाणी काठोकाठ भरलेल्या, झाकण लावलेल्या डब्यात असे होत नाही. जहाजातील अर्धवट भरलेली टाकी ही ती परात आहे. म्हणूनच टाक्यांना मधे आडव्या-उभ्या भिंती घालतात आणि टाकी शक्यतो भरलेली किंवा रिकामी ठेवतात. असे शेकडो निर्णय नौकास्थापत्यज्ञ घेतो. त्यातला एक बदलला की इतर सारे पुन्हा तपासावे लागतात.

हा विषय भारतात प्रथम खरगपूरच्या आयआयटीत १९५२ मध्ये सुरू झाला. आज खरगपूर आणि चेन्नई येथील आयआयटींत तो जेईई अॅडव्हान्स्डद्वारे, कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात त्यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेद्वारे आणि सागरी विद्यापीठाच्या विशाखापट्टणम संकुलात सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे शिकता येतो. पदवीनंतर गोद्या आहेत, आराखड्यांची खासगी कार्यालये आहेत, जहाजांच्या बांधणीचा दर्जा प्रमाणित करणाऱ्या संस्था आहेत. त्यांपैकी १९७५ मध्ये स्थापन झालेली भारतीय जहाज नोंदणी संस्था मुंबईतच आहे. नौदलाचा स्वतःचा आराखडा विभाग तर आपले भूषण आहे. माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली, तेव्हा तिचा आराखडा ब्रिटिश होता. ‘गोदावरी’ १९८३ मध्ये आली, ती आपल्या आराखड्यानुसार. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे दाखल झालेली २६२ मीटर लांबीची विमानवाहू ‘विक्रांत’ ही नौदलाच्याच आराखडाकारांनी रचलेली व कोचीन शिपयार्डने बांधलेली आहे.

नोकऱ्या मात्र आजवर बेताच्याच होत्या, हे लपविण्यात अर्थ नाही. खरगपूरचे कित्येक नौकास्थापत्यज्ञ संगणक कंपन्यांत गेले, कारण गोद्यांकडे मागण्याच नव्हत्या. आता परिस्थिती पालटण्याची चिन्हे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. या रकमेतून किती गोद्या उभ्या राहतील हे काळच ठरवील. गोदी उभी राहावयास वर्षे लागतात आणि तिच्यात वेल्डरपासून आराखडाकारापर्यंत माणसे तयार व्हावयास त्याहून अधिक.

दुसरे कारण इंधनाचे आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये असे ठरविले की, २०५० च्या सुमारास जहाजांचे हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावे. मिथेनॉल, अमोनिया, बॅटरी यांपैकी कशाचा जय होईल, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. पण प्रत्येक पर्यायात टाकीचा आकार, वजन आणि जागा बदलते. म्हणजे जहाजाचा आराखडा नव्याने करावा लागतो आणि इंजिनघरातील माणसाला नवे शिकावे लागते. अमोनिया विषारी आहे. माझ्या पिढीने तेलाच्या वासावर जे ओळखले ते तुमच्या पिढीला यंत्रावर मोजून ओळखावे लागेल. केरळात २०१७ पासून वैकम येथे पंचाहत्तर प्रवाशांची सौर नौका धावते आहे आणि कोचीत २०२३ पासून बॅटरीवर चालणाऱ्या नौकांची वॉटर मेट्रो सुरू आहे. ही कामे आपल्याच अभियंत्यांनी केली आहेत.

जे शासकीय सेवेच्या परीक्षांची तयारी करीत आहेत त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, जहाजांची तपासणी करणारे सर्वेक्षक अभियंते हे केंद्र सरकारचे अधिकारी असून त्यांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत होते. त्यासाठी सामान्यतः समुद्रावरील अनुभव आणि पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र लागते. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याच्या जागी २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला आहे, त्याचाही अभ्यास करावा.

शेवटी एक अगदी साधी सूचना. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी, शुल्क भरण्यापूर्वी, शिकवणीला जाण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन रंगदृष्टीची तपासणी करून घ्या. ठिपक्यांतील आकडे वाचण्याची ती चाचणी दहा मिनिटांत होते. सागरी अभियंत्याला मर्यादित नंबरचा चष्मा चालतो, परंतु रंगांधळेपणा चालत नाही, कारण इंजिनघरातील नळ आणि वायरी रंगांनीच ओळखल्या जातात. कित्येक मुलांना हा दोष आपल्यात आहे याचा पत्ताच नसतो आणि तो वैद्यकीय तपासणीच्या दिवशी कळतो. आराखड्यांच्या कार्यालयातील कामाला हा नियम आड येत नाही, तेव्हा तो दोष निघालाच तर नौकास्थापत्याचे माहितीपत्रक उघडून प्रवेशाच्या अटी पाहा. आता आपल्या शंका असतील तर विचाराव्यात. मागच्या रांगेतील त्या मुलाने मघापासून हात वर केला आहे, त्याच्यापासून आरंभ करू.